विनोदबिहारी मुखर्जी : खोवाईचा चित्रकार

बोलपूर हे बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एक रेल्वे स्थानक. कलकत्त्याहून निघालेली गाडी भाताची खाचरे, पुष्करिणी आणि केळीच्या बागा मागे टाकीत तेथे पोहोचते, तेव्हा प्रवाशाला आपण एखाद्या दुसऱ्याच प्रांतात उतरलो की काय, असा भास होतो. पाण्याने ओथंबलेला बंगाल मागे राहतो आणि तांबूस, उघडी, भेगाळलेली जमीन पुढे पसरते. कोकणातील जांभ्याचे सडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही माती फारशी परकी वाटणार नाही. रंग तोच, लोहाचा अंश तोच आणि उन्हात तापल्यावर डोळ्यांना होणारा त्रासही तोच. पावसाळ्यात पाण्याचे लोट या मातीला कापीत जातात. वर्षानुवर्षे असे होऊन तिच्यात वेड्यावाकड्या घळी पडल्या आहेत. कोठे पुरुषभर खोल, कोठे गुडघाभर. तेथील लोक या घळींच्या प्रदेशाला खोवाई म्हणतात. तेथे गवत तुरळक, सावली जवळजवळ नाही. मधूनच एखादा ताड एकटाच उभा असतो, दूरवर संथाळांच्या वस्तीची शाकारलेली घरे दिसतात, आणि कोपाई नावाची एक बारीकशी नदी वळणे घेत जाते.

याच माळावर, सातविणीच्या दोन झाडांच्या आश्रयाने, महर्षी देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ साली थोडी जमीन घेतली आणि पुढे तेथे शांतिनिकेतन वसले. रवींद्रनाथांची शाळा, नंतरची विश्वभारती, तेथील गाणी, तेथील उत्सव यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले आणि बोलले गेले आहे. मात्र त्या आश्रमाभोवतीच्या उजाड जमिनीला ज्याने आपला विषय मानले आणि जवळजवळ पाव शतक तिची चित्रे काढीत तेथेच विद्यार्थ्यांना शिकविले, त्या विनोदबिहारी मुखर्जी यांचे नाव मराठी घरांत तितकेसे पोहोचलेले नाही. नंदलाल बसू आणि रामकिंकर बैज यांच्या नावांच्या मागून, तिसरे म्हणून, ते घेतले जाते. हा क्रम त्यांना स्वतःला खटकला असता असे वाटत नाही. तो गृहस्थ मुळात मागच्या रांगेत बसणाराच होता.

विनोदबिहारींचा जन्म कलकत्त्याजवळील बेहाला येथे ७ फेब्रुवारी १९०४ रोजी झाला. घर सुशिक्षित आणि भावंडांचे. थोरले बंधू वनबिहारी हे वैद्यकीचा व्यवसाय करणारे आणि उपरोधिक लेखनासाठी बंगालीत ओळखले जाणारे. धाकट्याच्या वाट्याला मात्र जन्मापासून दुबळी दृष्टी आली. एका डोळ्याने त्यांना दिसतच नव्हते, आणि दुसऱ्याची दृष्टी इतकी अधू की पुस्तक नाकाशी धरल्यावाचून अक्षर लागू नये. अशा मुलाला सर्वसाधारण शाळेत टिकाव धरणे कठीणच होते. फळ्यावर काय लिहिले आहे हे ज्याला कळत नाही त्याने वर्गात बसून करावयाचे काय? १९१७ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांना शांतिनिकेतनच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे वर्ग झाडाखाली भरत आणि मुलाच्या गतीने चालण्याची सवड होती. दोन वर्षांनी, १९१९ साली, कलाभवन सुरू झाले तेव्हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत हा अधू दृष्टीचा मुलगाही दाखल झाला.

दाखल झाला खरा, पण त्याला ठेवून घ्यावे की नाही, हा प्रश्न नंदलालबाबूंना पडल्याची हकीकत सांगितली जाते. ती बंगालमध्ये सर्वश्रुत आहे आणि तिच्यात दोष कोणाचाच नाही. ज्याला चार हातांपलीकडचे स्पष्ट दिसत नाही त्याला चित्रकार करण्याची जबाबदारी कोणता शिक्षक सहजासहजी पत्करील? नंदलालबाबूंनी ही अडचण रवींद्रनाथांच्या कानी घातली. मुलगा मन लावून काम करतो काय, एवढेच रवींद्रनाथांनी विचारले, आणि करीत असेल तर त्याच्या भवितव्याची काळजी वाहत बसू नये, ज्याचा मार्ग त्याला शोधू द्यावा, असा सल्ला दिला. नंदलालबाबूंनी तो मानला. विद्यार्थ्याची परीक्षा त्याच्या उणिवेवरून न करता त्याच्या ओढीवरून करण्याचा हा निर्णय पुढे फळाला आला, म्हणून आज तो शहाणपणाचा वाटतो. त्या दिवशी मात्र त्यात मोठा धोका होता, हे विसरता कामा नये.

नंदलालबाबूंची शिकविण्याची रीत त्या काळच्या सरकारी कलाशाळांहून निराळी होती. मुंबई-कलकत्त्याच्या शाळांत विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतींसमोर बसून छायाप्रकाशाचा अभ्यास करीत. कलाभवनात पुतळे नव्हते. विद्यार्थ्याने सकाळी बाहेर पडावे, गाय कशी बसते, ताडाचे पान कसे लोंबते, संथाळ स्त्री डोक्यावर घडा घेऊन चालताना कंबर कशी तोलते हे पाहावे आणि परत येऊन स्मरणाने काढावे, अशी तेथील पद्धत. निसर्ग, परंपरा आणि मौलिकता हे तीन शब्द नंदलालबाबू नेहमी उच्चारीत. तिन्हींचा मेळ बसल्यावाचून चित्र उभे राहत नाही असे ते सांगत.

या रीतीचा विनोदबिहारींना एक अनपेक्षित लाभ झाला. पाहून पाहून रेखाटणे त्यांना अवघडच होते. पण एखाद्या वस्तूच्या अगदी जवळ जाऊन, ती डोळ्यांपाशी धरून, तिची ठेवण मनात साठवून ठेवणे आणि मग मनातून कागदावर उतरविणे हे त्यांना साधू लागले. दूरचे त्यांना धूसर दिसत असे. धूसर दिसणाऱ्याला आकाराचा मोठा भाग तेवढा कळतो. बारीकसारीक पाने, भिंतीवरचे पोपडे, कपड्याच्या चुण्या आपोआप गळून जातात. आता खोवाईकडे पाहावे. तेथे मुळात गळून जाण्याजोगे फारसे काही नाहीच. तांबड्या पटावर एक काळी उभी रेघ म्हणजे ताड, दोन वळणे म्हणजे घळ, एक ठिपका म्हणजे माणूस. डोळ्यांचा अधूपणा आणि भूमीचा उजाडपणा यांची अशी गाठ पडली. तेथील अन्य चित्रकारांनाही ही जमीन आवडत असे, पण त्यांच्या चित्रांत ती बहुधा कोणत्या तरी प्रसंगाची पार्श्वभूमी होऊन येते. विनोदबिहारींच्या चित्रांत तीच मुख्य असते. पौराणिक कथा, राजपुत्र, विरहिणी या बंगाली चित्रशैलीच्या आवडत्या विषयांना त्यांनी तरुणपणीच रजा दिली होती. समवयस्क मित्रांना याचे नवल वाटले असल्यास ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे, कारण त्या वेळी बंगालमध्ये नुसता माळ हा चित्राचा विषय होऊ शकतो, असे फार थोड्यांना वाटत होते.

ते एकटेच भटकत. उन्हातही भटकत. विशीत असताना, १९२४ च्या सुमारास, त्यांनी शांतिनिकेतनच्या परिसराचे एक भेंडोळे रंगविले. जुन्या जन्मपत्रिका ज्यांनी उलगडून पाहिल्या आहेत त्यांना त्याच्या आकाराची कल्पना येईल. रुंदी जेमतेम अर्धा फूट आणि लांबी सुमारे ४४ फूट. हे चित्र एका दृष्टिक्षेपात पाहता येत नाही; एका हाताने उलगडीत आणि दुसऱ्या हाताने गुंडाळीत पुढे जावे लागते. झाडी येते, झाडी विरळ होते, मोकळा माळ लागतो, घळी लागतात, मधूनच कोणी माणूस भेटतो आणि मागे पडतो. चौकटीतल्या निसर्गचित्रापुढे पाहणारा एका जागी उभा असतो. येथे तो चालत असतो. ज्याला एका वेळी थोडेच दिसते आणि पुढचे पाहण्यासाठी पुढे जावेच लागते, त्याने ही रचना पसंत करावी हे समजण्यासारखे आहे. चीन आणि जपानच्या जुन्या चित्रपटांची ओळख त्यांना कलाभवनाच्या संग्रहातून झाली होती, तीही उपयोगी पडली.

१९२५ पासून ते कलाभवनात शिकवू लागले. त्याच वर्षी रामकिंकर बैज विद्यार्थी म्हणून तेथे आले. अध्यापकवर्गात आपल्या कोल्हापूरचे विनायक मासोजी हेही होते, हे या ठिकाणी सांगून ठेवावयास हरकत नाही. विनोदबिहारींकडे वर्गाच्या जोडीला ग्रंथालयाचीही व्यवस्था होती. नाकाशी पुस्तक धरून वाचणारा हा तरुण अध्यापक त्या ग्रंथालयातील पौर्वात्य कलेची जवळजवळ सर्व पुस्तके पचवून बसला. विद्यार्थी त्यांना विनोददा म्हणत. नंदलालबाबू सर्वांचे ‘मास्टरमोशाय’ होते, त्यांचा दबदबा होता. रामकिंकर मनमोकळे, मोठ्याने हसणारे, सिमेंट आणि खडी घेऊन उघड्यावर मूर्ती उभारणारे. या दोघांमध्ये विनोददा हे कमी बोलणारे शिक्षक. त्यांनी बोलावे अशी वाट पाहावी लागे. बोलू लागले म्हणजे मात्र अजिंठ्याची रेषा आणि चिनी शाईची रेषा यांत अंतर कशाने पडते, पोकळी चित्रात भरीव वस्तूइतकेच काम कसे करते, यांसारख्या गोष्टी ते अशा रीतीने उलगडून दाखवीत की विद्यार्थ्याला त्या स्वतःलाच सुचल्यासारख्या वाटाव्यात.

त्यांच्यासारख्या शिक्षकापुढे एक पेच नेहमी उभा असतो. ज्याची स्वतःची लेखनशैली वा चित्रशैली घट्ट बसलेली आहे त्याचे विद्यार्थी नकळत त्याच्यासारखेच काढू लागतात, आणि गुरूला ते कौतुकाचे वाटू लागले की शाळेचा साचा होतो. बंगालमध्ये हे घडून गेले होते. अवनींद्रनाथांच्या शिष्यांनी आणि प्रशिष्यांनी धुकट रंगांचे जे अनुकरण चालविले होते त्याला पुढे कंटाळवाणे रूप आले. विनोदबिहारींचे विद्यार्थी मात्र एकमेकांसारखे झाले नाहीत आणि गुरूसारखेही झाले नाहीत. कोणी विणकामाच्या आणि छपाईच्या नक्षीकडे वळला, कोणी मुद्राचित्रांकडे, आणि एकाने तर पुढे कुंचलाच खाली ठेवून सिनेमाचा कॅमेरा हाती घेतला. ज्या खोवाईवर गुरूचे एवढे प्रेम, तिची चित्रे काढणाऱ्यांचा एखादा संप्रदाय त्यांच्या मागे उभा राहिला नाही. शिक्षक म्हणून त्यांचे मोल ठरविताना ही गोष्ट विचारात घ्यावयास हवी.

१९३७-३८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला. तेथील सतराव्या शतकातील चित्रकार सोतात्सु याची चित्रे त्यांनी जवळून पाहिली आणि मोठ्या पृष्ठभागावर थोडक्या आकारांनी हालचाल कशी निर्माण करावी, याचे जणू प्रात्यक्षिकच त्यांना मिळाले. या प्रवासावर अधिक रेंगाळण्याचे कारण नाही, कारण त्याचे फळ लवकरच भिंतींवर दिसले. भिंतींच्याही आधी छतावर.

१९४० साली कलाभवनाच्या वसतिगृहातील एक छत त्यांनी रंगविले. छताला खालची आणि वरची बाजू नसते. पाहणारा कोठेही उभा राहील आणि मान वर करील. ही अडचण विनोदबिहारींनी फार साध्या युक्तीने सोडविली. त्यांनी मधोमध एक तळे काढले आणि त्याच्या चारही बाजूंना बीरभूममधील गाव मांडला. झाडे, झोपड्या, गुरे, माणसे असे सारे त्या तळ्याभोवती पसरले आहे, आणि ज्या बाजूने पाहावे त्या बाजूचे गाव सरळ दिसते, पलीकडचे उलटे. बंगालमधील कोणत्याही खेड्यातल्या तळ्याकाठी उभे राहिले तर जीवन असेच भोवती फिरताना दिसते. येथे कथानक नाही, नायक नाही, देवदेवता नाहीत. कोणी पाणी नेत आहे, कोणी गुरे हाकीत आहे, कोणी नुसताच बसला आहे. ज्या चित्रकाराने इतकी वर्षे निर्मनुष्य माळ रंगविला त्याच्या निसर्गात माणसे येथे अशी सहजपणे शिरली आहेत की जणू ती झाडांबरोबरच उगवली असावीत.

त्याच वर्षी कलकत्त्याहून एक उंच, शहरी वळणाचा विद्यार्थी कलाभवनात आला. त्याला व्यावसायिक चित्रकार व्हावयाचे होते आणि आश्रमाच्या वातावरणाविषयी त्याच्या मनात फारसा ओढा नव्हता. छतावरील त्या चित्राने त्याचे लक्ष वेधून घेतले. त्याचे नाव सत्यजित राय. शिक्षणक्रम पुरा न करताच १९४२ मध्ये तो परतला, पण विनोददांचे ऋण त्याने जन्मभर मानले.

सर्वांत मोठे काम हिंदी भवनातील. हजारीप्रसाद द्विवेदी यांच्यामुळे गजबजलेल्या या इमारतीत १९४६-४७ मध्ये विनोदबिहारींनी मध्ययुगीन संतांचे जीवन भिंतींवर रंगविले. दालनाच्या तीन भिंतींच्या वरच्या भागात मिळून हे चित्र पाऊणशे फुटांहून अधिक लांब पसरले आहे. कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंह यांसारख्या विभूती त्यात आहेत. पण त्या विभूतींची एकेकटी तसबीर लावलेली नाही. विणकर, साधू, यात्रेकरू, बायाबापड्या, घोडेस्वार, घाट आणि घरे यांची एक नदी वाहत जाते आणि त्या प्रवाहात संत मिसळलेले आहेत. काहींच्या आकृती इतरांहून उंच आहेत, एवढीच त्यांची ओळख.

हे काम ओल्या गिलाव्यावर केलेले आहे, आणि त्या पद्धतीचे स्वरूप जाणून घेतल्यावाचून त्यातील धाडस ध्यानात येणार नाही. भिंतीवर चुन्याचा ताजा गिलावा चढवावयाचा, तो ओला असतानाच पाण्यात कालविलेले रंग त्यावर लावावयाचे. चुना वाळताना हवेतील वायू शोषून दगडासारखा घट्ट होतो आणि रंग त्याच्या अंगातच मुरतो. म्हणून असे चित्र शतकानुशतके टिकते, आणि म्हणूनच त्यात खाडाखोड करता येत नाही. जेवढे दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा सकाळी चढवावयाचा. चुकले तर तो तुकडा खरवडून काढून पुन्हा आरंभ करावयाचा. युरोपातील आणि जयपूरचे कसबी कारागीर यासाठी आधी पूर्ण आकाराचे आराखडे करून ठेवीत आणि ते भिंतीवर छापून घेत. विनोदबिहारींनी तसा आराखडा केला नाही. लहान कागदांवर काही टिपणे केली, भिंत मनात ठेवली आणि थेट कुंचला चालविला. परांचीवर उभ्या असलेल्या त्यांना हाताखालचा तुकडा तेवढा दिसत होता. खाली उतरून दूर जावे आणि सबंध भिंत एकदम पाहावी, ही जी सोय सामान्य चित्रकाराला असते ती त्यांना नव्हतीच. तरीही कोठे तोल गेलेला नाही. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर वळताना ओघ खंडित झालेला नाही. हे कसे साधले असेल, याचे उत्तर त्या ४४ फुटांच्या भेंडोळ्यात शोधावयास हवे. थोडे थोडे पाहत जाऊन सबंध प्रवास मनात धरण्याची सवय त्यांनी विशीतच लावून घेतली होती.

गिलावा करणे, रंग घोटणे, कोपरे सांभाळणे यांसाठी विद्यार्थी मदतीला होते. त्यांत केरळकडून आलेला के. जी. सुब्रमण्यन नावाचा तरुण होता. वर्गात बसून सहा महिन्यांत जे कळले नसते ते या मुलांना परांचीवर कळले असणार. येथे शिक्षकाचे काम आणि चित्रकाराचे काम एकाच भिंतीवर चालले होते, आणि त्यामुळे विद्यार्थ्यांना शिक्षकाच्या अडचणीही पाहावयास मिळाल्या. त्यांच्यादेखत उत्तरे तयार होत होती. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या भिंतीवर सूरदास रंगविणाऱ्याच्या स्वतःच्या डोळ्यांत तेव्हा किती उजेड उरला होता, याचा विचार त्याच्या मनात आला असेल की नसेल कोण जाणे. चित्रात मात्र करुणेचा आव कोठेही आणलेला नाही.

हे काम संपल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी शांतिनिकेतन सोडले. १९४९ मध्ये ते काठमांडूच्या सरकारी संग्रहालयाचे काम पाहावयास गेले. तेथून राजस्थानातील वनस्थळी विद्यापीठ, मग मसुरी, असा प्रवास झाला. कलाभवनातच शिकलेल्या लीला मनसुखानी यांच्याशी १९४४ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. मसुरीला पतिपत्नींनी मिळून एक कलाशिक्षणाचे केंद्र चालविले. डोंगरातील माणसांची, बाजारांची, वळणावळणाच्या वाटांची चित्रे या काळातली. त्यांत रंग अधिक आहेत आणि खोवाईचे मौन कमी आहे.

दृष्टी मात्र ओसरत चालली होती. मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करावी असे ठरले. १९५६-५७ च्या सुमारास ती झाली आणि यशस्वी झाली नाही. जो काही अंधुक उजेड होता तोही गेला. वय बावन्न-त्रेपन्न. चित्रकाराच्या आयुष्यात हा परिपक्वतेचा काळ समजला जातो.

१९५८ साली ते कलाभवनात परत आले, अध्यापक म्हणूनच. एका आंधळ्या माणसाला चित्रकलेच्या शाळेत शिक्षक नेमणे ही गोष्ट ऐकावयास विलक्षण वाटते, आणि भूतदयेपोटी दिलेली ही जागा असेल असाही समज होऊ शकेल. तो समज चुकीचा आहे. ते कलेचा इतिहास आणि तत्त्व शिकवू लागले. तीस वर्षे नाकाशी धरून वाचलेली पुस्तके, हातात धरून पाहिलेली चित्रे, जपानमधील आणि नेपाळमधील मंदिरे, सारे त्यांच्या स्मरणात जेथल्या तेथे होते. चांगली दृष्टी असलेला माणूस चित्रावरून नजर फिरवितो आणि पुढे जातो, कारण चित्र पुन्हा पाहता येईल असा त्याला भरवसा असतो. विनोदबिहारींना तो भरवसा कधीच नव्हता. म्हणून त्यांनी जे पाहिले ते साठवूनच पाहिले होते. चित्राचे वर्णन करताना त्यातील आकार कोठून निघतो, कोठे वळतो आणि कोठे थांबतो हे शब्दांनी उभे करण्याचे काम आता त्यांच्यावर आले, आणि ते त्यांनी पेलले. विद्यार्थ्यांची बाजूही येथे ध्यानात घ्यावी. ज्या शिक्षकाला आपले चित्र दाखविता येत नाही त्याला ते समजावून सांगावे लागते. आणि आपण नेमके काय केले आहे हे सांगू लागले की पुष्कळ चित्रकारांची मोठी फजिती होते.

हातांना विश्रांती त्यांनी दिली नाही. फेल्टच्या लेखणीने ते कागदावर रेषा काढीत. कागद दुमडून, कातरून त्यांच्या आकृती करीत. मेण मळून लहान लहान माणसे, जनावरे घडवीत. रंगीत कागदांची चिकटचित्रे तर त्यांनी पुष्कळ केली. हवा तो रंग नावाने सांगावयाचा, मदतनीसाने तो कागद हाती द्यावयाचा, आणि मग बोटांनी चाचपून तो कापावयाचा, कागदावर त्याची जागा मुक्रर करावयाची. या चिकटचित्रांतील तांबडा आणि निळा पाहिला की ज्याला ते दिसत नव्हते त्याने ते इतके निःशंकपणे शेजारी कसे ठेवले, असा प्रश्न पडतो. टीकाकारांनी यासंबंधी मोठमोठे शब्द वापरले आहेत. स्वतः विनोदबिहारी याविषयी कोरडेपणाने बोलत. अंधत्व हा एक नवा अनुभव आहे, जगण्याची एक वेगळी अवस्था आहे, असा त्यांचा पवित्रा होता. शोक करण्याची मुभा त्यांनी स्वतःला दिली नाही आणि इतरांना तर नाहीच. पण या काळातल्या त्यांच्या निर्मितीत खोवाई जवळजवळ दिसत नाही. माणसे आहेत, पक्षी आहेत, बसलेली आणि वाकलेली शरीरे आहेत. बोटांना जे लागते ते आले. दूरवर पसरलेला माळ बोटांना लागत नाही. नवे मार्ग सापडले हे खरे, पण ज्या विषयासाठी त्यांनी तारुण्य वेचले तो विषय गेला, हेही तितकेच खरे. आणि या दुसऱ्या सत्याकडे गौरवाच्या भरात दुर्लक्ष होऊ नये.

१९७२ साली कलाभवनाच्या एका भिंतीवर रंगविलेल्या मातीच्या फरशांचे भित्तिचित्र बसविण्यात आले. कागदाच्या कापीव आकृतींवरून त्याची रचना विनोदबिहारींनी केली होती. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी आपल्या गुरूवर सुमारे २० मिनिटांचा एक बोलपट तयार केला; त्याच्या नावाचा अर्थ अंतर्दृष्टी असा होतो. एव्हाना राय जगभर गाजलेले होते. बोलपटात त्यांनी विनोददांना काळा चष्मा लावून काम करताना दाखविले आहे, आणि मागे वळून ते बीरभूमचे छत आणि हिंदी भवनाची भिंतही दाखविली आहे. निवेदन राय यांचे स्वतःचेच आहे आणि त्याचा सूर आवरलेला आहे. शिष्याने गुरूविषयी बोलताना एवढा संयम राखावा हे विनोददांच्या शिकवणुकीला धरूनच झाले.

त्यांचे लेखन याच अखेरच्या पर्वातले. सांगून लिहवून घेतलेल्या ‘चित्रकार’ या आत्मवृत्तपर पुस्तकात बालपण, कलाभवन आणि डोळे गेल्यानंतरचे जग यांचे वर्णन आहे; बंगाली गद्याचे जाणकार त्याला चांगल्या गद्याचा मान देतात. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. नोव्हेंबर १९८० मध्ये ते वारले.

हिंदी भवनाच्या परांचीवर गिलावा करणारे सुब्रमण्यन १९५१ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापक झाले होते. तेथे त्यांनी जवळजवळ तीन दशके शिकविले. त्यांच्या विद्यार्थ्यांत विनोदबिहारींची कन्या मृणालिनीही होती. ती पुढे तागाच्या दोरांना गाठी मारून भव्य शिल्पे घडविणारी शिल्पकार म्हणून प्रसिद्ध झाली. ‘चित्रकार’चे इंग्रजी भाषांतर सुब्रमण्यन यांनीच केले. आणि १९८० साली, म्हणजे विनोददा गेले त्याच वर्षी, बडोदे सोडून ते शांतिनिकेतनला आले आणि कलाभवनात चित्रकला शिकवू लागले.